सेट (एम) फाइल : उत्पन्न आणि एकत्र राहण्याचे पुरावे, कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५

फाइल उघडली. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा अर्ज. नवरा ब्रिटिश नागरिक, बायको भारतीय पासपोर्टवर, स्पाउस व्हिसाच्या पाच वर्षांच्या मार्गावर. फॉर्म सेट (एम). नावं आणि पत्ते या नोंदींत येणार नाहीत; नवऱ्याला ‘जोडीदार’, बायकोला ‘अर्जदार’ म्हटलं आहे.

आधी तारखा, कारण बाकी सगळं त्यांवर टांगलेलं आहे. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा होता. अर्जदार १४ नोव्हेंबर २०२० रोजी देशात उतरली. मुदतवाढ ३० महिन्यांची, ती २५ जानेवारी २०२६ ला संपते. साठ महिने मोजायचे ते देशात पाऊल ठेवल्यापासून, व्हिसाच्या शिक्क्यावरच्या तारखेपासून नाही. शिक्का ऑक्टोबर २०२० चा आहे आणि तिथून मोजलं तर अर्ज वेळेआधी जाईल. साठ महिने १४ नोव्हेंबर २०२५ ला भरतात. अर्ज त्याआधी जास्तीत जास्त २८ दिवस करता येतो, म्हणजे १७ ऑक्टोबर २०२५ पासून पुढे. शेवटची मर्यादा २५ जानेवारी.

उत्पन्नाची अट वर्षाला १८,६०० पौंड. ही जुनी रक्कम इथे चालते, कारण या मार्गावरचा पहिला अर्ज ११ एप्रिल २०२४ च्या आधीचा आहे आणि जोडीदार तोच आहे. ज्यांचा पहिला अर्ज त्या तारखेला किंवा नंतर झाला त्यांना २९,००० लागतात. या नोंदी वाचून कुणी आपला हिशोब करणार असेल तर आधी हा आकडा तपासावा. मूल ब्रिटिश नसेल तर जुन्या पद्धतीत पहिल्या मुलामागे ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकामागे २,४०० वाढतात. इथलं मूल जन्मानेच ब्रिटिश आहे, त्यामुळे वाढ नाही.

१३ जुलै

एकत्र राहण्याचे पुरावे पहिल्यांदा घेतले, उत्पन्नाचे नंतर. बरेच जण उलट करतात आणि अडकतात. उत्पन्नाचं गणित अर्जाची तारीख पुढेमागे करून जमवता येतं. दोघांच्या नावाचं दोन वर्षांपूर्वीचं पाणीबिल आज मागून मिळत नाही. बिलावर दुसरं नाव घालायला फोन केला तर कंपनी घालते, पण पुढच्या बिलापासून.

मागणी अशी : गेल्या दोन वर्षांतली सहा पत्रं, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली, दोन वर्षांवर सारखी पसरलेली. दोघांच्या नावाची असतील तर उत्तम. नसतील तर प्रत्येकाच्या नावाची वेगळी पत्रं चालतात, पण पत्ता एकच हवा. आम्ही अशी वेगळी पत्रं जोडीनेच धरतो : एक तिचं, एक त्याचं, त्याच महिन्याच्या आसपासचं. जोडी म्हणजे एक नग.

घरातला कागदांचा खोका रिकामा करून तारखेप्रमाणे लावला. दोघांच्या नावाचं काय आहे आणि काय नाही ते लगेच दिसलं. वीज-गॅस फक्त जोडीदाराच्या नावावर. ब्रॉडबँड त्याच्याच नावावर. मोबाइल वेगवेगळे. बऱ्याच मराठी घरांत असंच असतं : बिलं नवऱ्याच्या नावावर, कारण नवीन आलेल्या बायकोची क्रेडिट हिस्टरी नसते आणि कंपनी एकच नाव मागते. पण काउन्सिल टॅक्स (स्थानिक काउन्सिलचा घरपट्टीसारखा कर) दोघांच्या नावावर आहे, पाणीबिल आहे, जॉइंट खातं आहे, जून २०२४ पासून गृहकर्ज आहे. एवढ्यावर फाइल उभी राहते.

२० जुलै

काउन्सिल टॅक्सची बिलं ओळ न ओळ वाचली. हा कागद सगळ्यात वजनदार आणि सगळ्यात धोक्याचाही. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते. बायको यायच्या आधी नवऱ्याने ती घेतलेली असते आणि ती आल्यावर काउन्सिलला कळवायचं राहून जातं. मग तेच बिल एकत्र राहण्याचा पुरावा म्हणून जोडलं जातं आणि त्यावर छापलेलं असतं की या घरात एकच माणूस राहतो. बिलाच्या मधल्या तक्त्यात, एकूण रकमेच्या वर, ही सूट वजा केलेली दिसते. ती दिसली तर बिल जोडू नये एवढ्यावर भागत नाही. काउन्सिलला खरी तारीख कळवून थकबाकी भरायची आणि सुधारित बिल घ्यायचं.

या फाइलमध्ये सूट डिसेंबर २०२० मध्येच बंद केलेली आहे. दोन्ही बिलं, २०२४-२५ चं जुन्या पत्त्यावरचं आणि २०२५-२६ चं नव्या पत्त्यावरचं, पूर्ण रकमेची आणि दोघांच्या नावाची आहेत.

३ ऑगस्ट

यादी पक्की केली :

नोव्हेंबर २०२३, जॉइंट खात्याचं स्टेटमेंट, जुना पत्ता.
मार्च २०२४, काउन्सिल टॅक्स, जुना पत्ता.
मे २०२४, पाणीबिल, दोघांची नावं, जुना पत्ता.
जुलै २०२४, गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र, दोघांची नावं, नवा पत्ता.
जानेवारी २०२५, मतदार नोंदणीचं पत्र, नवा पत्ता.
मार्च २०२५, काउन्सिल टॅक्स, नवा पत्ता.
ऑगस्ट २०२५, जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) दोघांना आलेल्या पत्रांची जोडी. अजून यायची आहे.

मे महिन्याचं पाणीबिल यादीत मुद्दाम जास्तीचं घातलं आहे. अर्जदार १८ जानेवारी ते ३ एप्रिल २०२४ पुण्यात होती, आईच्या शस्त्रक्रियेसाठी. म्हणजे मार्चचं काउन्सिल टॅक्स बिल निघालं तेव्हा ती देशातच नव्हती. बिल खोटं ठरत नाही, घर तिचंच होतं. पण फाइल तपासणाऱ्याने प्रवासाची यादी आणि बिल शेजारी ठेवलं तर प्रश्न पडणारच. त्या गैरहजेरीच्या आधी एक आणि परतल्यावर लगेच एक असा कागद असला की प्रश्न तिथेच मिटतो.

मतदार नोंदणीचं पत्र आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे व्हिसावर असलेल्या भारतीय नागरिकालाही ब्रिटनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवता येतं आणि मतदानही करता येतं. नोंदणी फुकट आहे. घरात कोण कोण मतदार आहेत त्यांची नावं एकाच कागदावर छापून काउन्सिलकडून येतात. देशात आल्यावर लगेच नाव नोंदवावं. मात्र हे पत्रही काउन्सिलकडूनच येतं, म्हणून ‘तीन ठिकाणं’ मोजताना ते आणि काउन्सिल टॅक्स आम्ही एकच धरतो. तरी बँक, काउन्सिल, पाणी कंपनी, कर्जसंस्था, जीपी अशी पाच ठिकाणं होतात.

स्कॉटलंडमध्ये पाण्याचे पैसे बहुतेक घरांना काउन्सिल टॅक्सच्या बिलातच येतात, तिथे पाणीबिल वेगळं मोजता येत नाही.

सासू-सासऱ्यांच्या घरी राहणाऱ्या जोडप्यांची अडचण मोठी असते, कारण सगळी बिलं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. त्यांनी जीपी, बँक, एचएमआरसी (कर खातं), डीव्हीएलए (वाहन परवान्यांचं खातं) यांच्या पत्रांच्या जोड्या करायच्या. सोबत घरमालक असलेल्या आई-वडिलांचं सहीचं पत्र, कोण कधीपासून कोणत्या खोलीत राहतं हे सांगणारं, आणि घराच्या मालकीचा कागद.

१० ऑगस्ट

नावांची तपासणी. ही पायरी वगळली की चांगली फाइलही लंगडी होते. अर्जदाराच्या पासपोर्टवर पहिलं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे. पेस्लिपवर मधलं नाव नाही. जीपीकडे अजून माहेरचं आडनाव, कारण पहिली नोंदणी लग्नाआधीच्या पासपोर्टवर झाली होती. बँकेत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर.

जीपीकडे लग्नाचा दाखला दाखवून नाव बदलून घ्यायचं, ऑगस्टची पत्रं यायच्या आत. पेस्लिपवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नये. सहा महिन्यांच्या मध्येच नाव बदललं तर दोन नावांच्या पेस्लिप तयार होतात. त्यापेक्षा नोकरीच्या पत्रात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि ‘पगारपत्रकावर अमुक नावाने’ असं एक वाक्य लिहून घ्यायचं.

लग्नाचा दाखला महाराष्ट्रातला आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, पण शिक्का आणि शेरा फक्त मराठीत. त्याचं भाषांतर लागेल. भाषांतरकाराने मूळाशी अचूक असल्याचं लिहून, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायचा. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर आम्ही घेत नाही.

२४ ऑगस्ट

उत्पन्न. एका बैठकीत होणारं काम नाही, म्हणून सविस्तर.

अर्जदाराला काम करायची परवानगी असल्यामुळे या टप्प्यावर दोघांचं उत्पन्न एकत्र धरता येतं. पहिला मोह असा होतो की जोडीदाराचा पगार मोठा आहे, ४१,००० पौंड, तोच दाखवावा. पण त्याने २ जून २०२५ ला नोकरी बदलली आहे. नियमांत उत्पन्न दाखवण्याचे वेगवेगळे गट आहेत; त्यांतल्या ‘अ’ गटासाठी अर्जाच्या दिवशी त्याच मालकाकडे सहा महिने पूर्ण हवेत, ते २ डिसेंबरला होतील. त्याआधी अर्ज केला तर ‘ब’ गट. त्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : आजचा वार्षिक पगार अटीपेक्षा जास्त आहे, आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचं, उत्पन्नही अटीइतकं आहे. म्हणजे बारा महिन्यांच्या पेस्लिप, बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि जुन्या व नव्या दोन्ही मालकांची पत्रं. सोडून आलेल्या कंपनीकडून नेमक्या शब्दांतलं पत्र मिळवणं म्हणजे आठवड्यांचं काम.

मग अर्जदाराच्या पेस्लिप पाहिल्या. पाळणाघरात ताशी दराने काम, दोन वर्षांपासून त्याच ठिकाणी. ताशी कामात ‘अ’ गटाचं गणित वेगळं : सहा महिन्यांच्या ढोबळ पगाराची सरासरी काढून बाराने गुणायचं. सोपं करून सांगायचं तर सहा महिन्यांची बेरीज ९,३०० पौंडांच्या खाली जाता कामा नये.

एप्रिल १,६४०, मे १,५९०, जून १,७०२, जुलै १,६५५. बेरीज ६,५८७. ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून २,७१३ हवेत. ऑगस्टमध्ये पाळणाघर काही दिवस बंद असतं, पगार कमी येणार. तरीही हे सहज जमेल.

इथे एक गोष्ट जपायची. करारात ठरलेला पगार आणि ठरलेले तास असतील तर तो माणूस ‘सॅलरीड’ मानला जातो आणि मग सरासरी नव्हे, सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरला जातो. ऑगस्टचा पगार तसा धरला तर अर्ज पडेल. म्हणून पत्रात ताशी दर आणि ‘तास दर आठवड्याला बदलतात’ हे दोन्ही यायलाच हवं. करार काढून पाहिला. तसंच लिहिलेलं आहे.

निर्णय : फक्त अर्जदाराचा पगार. जोडीदाराचं उत्पन्न उत्पन्नाचा पुरावा म्हणून द्यायचंच नाही. ‘असू दे, जास्तीचं काय वाईट’ असं घरच्यांना वाटतं आणि त्यांची काळजी समजते. पण दाखवलेल्या प्रत्येक उत्पन्नामागे नियमात सांगितलेले सगळे कागद लागतात, आणि अर्धे दिले की तपासणाऱ्याचे प्रश्न वाढतात. अट भागवणारा एकच सरळ स्रोत, त्याचे सगळे कागद बिनचूक, हे केव्हाही चांगलं.

३१ ऑगस्ट

बाजूला ठेवलेले दोन स्रोत, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून.

पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं. हे ‘क’ गटात धरता येतं, बारा महिन्यांचं. लागणारे कागद : मालकीचा पुरावा म्हणून इंडेक्स दोन, नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार, आणि भाडं जमा होतंय असं दाखवणारी बारा महिन्यांची स्टेटमेंट. भाडेकरूने रोख दिलेले महिने मोजता येत नाहीत. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल आणि भाडं सुनेच्या खात्यात येत असेल तर ते भाडं म्हणून धरता येत नाही.

बचत. पहिल्या १६,००० पौंडांचा काहीच उपयोग नाही, त्यावरची रक्कम मोजतात. व्हिसा आणि मुदतवाढीच्या वेळी त्यावरच्या रकमेला २.५ ने भागतात, आयएलआरच्या वेळी भागत नाहीत. हा फरक मोठा आहे. या जोडप्याकडे २२,००० आहेत, म्हणजे आयएलआरसाठी ६,००० पौंड उत्पन्नाइतके धरता येतात. अट अशी की सहा महिने ही रक्कम सलग खात्यात हवी; मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली आली तर ती सगळ्यात खालची शिल्लकच धरतात. भारतातल्या बँकेतली मुदत ठेव मोडता येत असेल तर चालते, रुपयांचं रूपांतर ओअँडा या चलनदरांच्या साइटवरच्या दराने, अर्जाच्या दिवशीच्या. पतसंस्थेतली ठेव आम्ही हिशोबात धरत नाही, कारण संस्था तिथल्या आर्थिक नियामकाच्या देखरेखीखाली असावी लागते. बचत राखीव ठेवली आहे, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पगारात काही बिघडलं तरच काढू.

१४ सप्टेंबर

नोकरीच्या पत्राचा कच्चा मजकूर पाळणाघराच्या व्यवस्थापिकेला पाठवला. एचआरच्या साच्यातलं पत्र जवळजवळ नेहमी अपुरं निघतं. त्यात ‘इथे काम करतात’ एवढंच असतं. हव्यात त्या गोष्टी : नोकरी आहे याची खात्री आणि वार्षिक ढोबळ उत्पन्न, कधीपासून, सध्याच्या दराने कधीपासून, आणि नोकरीचा प्रकार, कायम की मुदतीची की एजन्सीमार्फत. आपण त्यात ताशी दर, बदलते तास आणि पूर्ण नाव यांची भर घातली. कंपनीच्या लेटरहेडवर, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि फोनसह. त्या फोनवर होम ऑफिसकडून, म्हणजे व्हिसाचा निर्णय घेणाऱ्या खात्याकडून, खरंच विचारणा होऊ शकते, म्हणून व्यवस्थापिकेला तशी कल्पना दिली. तारीख ऑक्टोबरची टाकायची, आत्ताची नाही.

२८ सप्टेंबर

ऑगस्ट १,३८८, सप्टेंबर १,७२५. सहा महिन्यांची बेरीज ९,७००, वार्षिक १९,४००. अट भागली, ८०० पौंड वर.

आता २८ दिवसांचा नियम. पगाराचा सगळ्यात अलीकडचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधी २८ दिवसांपेक्षा जुना असून चालत नाही. शेवटची पेस्लिप २६ सप्टेंबरची, म्हणजे अर्ज २४ ऑक्टोबरपर्यंत जायला हवा. साठ महिन्यांच्या नियमाने १७ ऑक्टोबरच्या आधी जाता येत नाही. खिडकी १७ ते २४ ऑक्टोबर. ती हुकली तर ऑक्टोबरची पेस्लिप घेऊन एप्रिलची वगळायची आणि बेरीज नव्याने करायची. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरल्याचा दिवस, बायोमेट्रिकचा नाही.

मार्चची पेस्लिपही जोडली, सातवी, पहिल्या महिन्याच्या कडेला फट राहू नये म्हणून.

पेस्लिपवरची निव्वळ रक्कम आणि स्टेटमेंटमधली जमा पेनीपर्यंत जुळवली. सगळ्या जुळल्या. स्टेटमेंट बँकेच्या साइटवरून उतरवलेली संपूर्ण पीडीएफच घ्यायची, नाव, पत्ता आणि खाते क्रमांकासह. ॲपचे स्क्रीनशॉट नकोत. १ मार्च ते १० ऑक्टोबर सलग, एकही पान न गाळता, मधली कोरी पानंसुद्धा.

५ ऑक्टोबर

पुण्यातल्या अकरा आठवड्यांचं स्पष्टीकरण. एक पान, दोघांच्या सह्या. जाण्याची तारीख, येण्याची तारीख, कारण, जोडीदार का गेला नाही (नोकरी), त्या काळात घरखर्च जॉइंट खात्यातून चालू होता. सोबत रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद आणि बोर्डिंग पास. स्पाउस मार्गावर वर्षाला १८० दिवसांची मर्यादा नाही. ती कामाच्या व्हिसावाल्यांची. तिथली भीती इकडे आणू नये. इथे बघतात ते एवढंच, की दोघांचं घर ब्रिटनमध्ये आहे ना आणि दूर राहणं तात्पुरतं होतं ना.

प्रवासाची यादी भारतीय इमिग्रेशनच्या शिक्क्यांवरून केली. मुंबईहून मध्यरात्रीनंतरची विमानं असतात, तिकिटावर १८ आणि शिक्का १७ असं होतं. शिक्क्याची तारीख धरली.

लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपचे संवाद यांतलं काही जोडलं नाही. पाच वर्षं एका घरात राहिलेल्या जोडप्याला त्याची गरज नाही.

१२ ऑक्टोबर

लाइफ इन द यूके परीक्षेचा निकाल क्रमांक आणि बी१ पातळीच्या इंग्रजीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे; दोन्हींवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच. नोकरीचं पत्र ९ ऑक्टोबरच्या तारखेचं मिळालं, सगळे मुद्दे आहेत. कागदांच्या फाइलींना साधी नावं दिली : ‘०१ उत्पन्न पेस्लिप’, ‘०२ उत्पन्न बँक’, ‘०३ नोकरी पत्र’, ‘०४ एकत्र नोव्हेंबर २०२३’ असं पुढे, अपलोड करताना इंग्रजीत. वर एक पानाची सूची.

२० ऑक्टोबर

अर्ज पाठवला, फी ३,०२९ पौंड. आयएलआरला आरोग्य अधिभार नाही. निर्णय येईपर्यंत अर्जदाराने ब्रिटन, आयर्लंड आणि लगतच्या बेटांच्या बाहेर जायचं नाही, नाहीतर अर्ज मागे घेतला असं मानतात. ऐन दिवाळीत पुण्याचं तिकीट काढण्याचा विषय घरात होता, तो पुढे ढकलला. व्हिसा निर्णयाआधी संपला तरी वेळेत अर्ज केलेला असल्यामुळे जुन्या अटी, काम करण्याच्या हक्कासह, चालू राहतात.

३ नोव्हेंबर

बायोमेट्रिक झालं. सगळे कागद त्याआधीच अपलोड केले होते. केंद्रावर स्कॅन करायला दिले तर जादा पैसे जातात आणि पानं उलटसुलट होतात. साधी सेवा घेतली आहे, तिची मुदत सहा महिने. पाच कामाच्या दिवसांसाठी ५०० पौंड आणि दुसऱ्या दिवसासाठी १,००० जादा लागतात. घाईचं कारण नसेल तर ते पैसे वाचवावेत.

निर्णय येईपर्यंत पुढच्या पेस्लिप, स्टेटमेंट आणि दोघांच्या नावाची बिलं त्याच फोल्डरमध्ये ठेवत जायची. जादा कागद मागवले तर उत्तराला मुदत थोडी असते. मंजुरी आल्यावर ई-व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक त्याच दिवशी तपासायचे. प्रवासाची यादी पुसायची नाही. नागरिकत्वाच्या अर्जात तीन वर्षांतले २७० आणि शेवटच्या वर्षातले ९० दिवस तीवरूनच मोजायचे आहेत.